बाबा आमटेंना बसता येत नव्हतं, तरी ते देशभर फिरले. एका झिजलेल्या कण्याची गोष्ट

पुण्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात जा, बाहेरच्या बाकड्यांवर तीच गर्दी दिसते. कुणी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून कंबर धरलेला, कुणी खड्ड्यांतून दुचाकी चालवून मानेला पट्टा लावलेला, तर कुणाच्या हातात एमआरआयची मोठी फाईल. डॉक्टर सांगतात, मणक्याचं ऑपरेशन आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. दुर्बिणीतून होतं, छेद लहान असतो, एकदोन दिवसांत घरी जाता येतं. तरीही पेशंट आणि त्याच्या घरच्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. ऑपरेशननंतर नीट बसता येईल ना?

महाराष्ट्रात एक माणूस असा होऊन गेला, ज्याच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर नाही असं होतं. त्यांना उभं राहता यायचं, आडवं पडता यायचं, पण बसता यायचं नाही. आयुष्यातली कितीतरी वर्षं त्यांनी अशीच काढली. आणि त्याच वर्षांत ते कन्याकुमारीहून काश्मीरला गेले, अरुणाचलहून गुजरातला गेले आणि नर्मदेच्या काठावर जाऊन राहिले.

त्यांचं नाव मुरलीधर देवीदास आमटे. सगळा महाराष्ट्र त्यांना बाबा आमटे म्हणून ओळखतो. त्यांच्या कामाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. पण हे काम ज्या कण्यावर उभं राहिलं, त्या खऱ्याखुऱ्या पाठीच्या कण्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

जमीनदाराचा मुलगा

२६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला बाबांचा जन्म झाला. घर जमीनदाराचं, पैशाला कमी नाही. तरुणपणी बाबांकडे स्वतःची स्पोर्ट्स कार होती. शिकारीची आवड होती. इंग्रजी सिनेमाचं वेड एवढं की ते सिनेमांवर परीक्षणं लिहायचे.

कायद्याचं शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली. वकिली चांगली चालत होती, पण मन तिथं रमेना. गांधीजी आणि विनोबांचा प्रभाव वाढत गेला. वरोऱ्यात ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले आणि सफाई कामगारांचे प्रश्न त्यांच्यापुढं आले. बाहेरून बोलण्यापेक्षा ते काम करून बघावं म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावरून मैल्याची पाटी वाहिली. एका वकिलानं, तेही जमीनदाराच्या मुलानं, हे करणं त्या काळात घरच्यांना आणि गावाला पचणारं नव्हतं.

१९४६ साली त्यांचं इंदू घुलेशास्त्री यांच्याशी लग्न झालं. याच पुढं साधनाताई आमटे झाल्या. बाबांच्या प्रत्येक निर्णयाची निम्मी किंमत साधनाताईंनी मोजली.

तुळशीराम

एका पावसाळी रात्री बाबांना रस्त्याच्या कडेला पडलेला एक माणूस दिसला. त्याचं नाव तुळशीराम. कुष्ठरोगानं हातापायाची बोटं झडलेली, जखमांमध्ये किडे झालेले. ते बघून बाबा घाबरले आणि घरी निघून गेले.

गांधीजींनी ज्यांना निर्भयतेसाठी गौरवलं होतं, ते बाबा त्या रात्री घाबरले होते. ही गोष्ट त्यांना झोपू देईना. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा उभा केला, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण बाबांचं पुढचं आयुष्य तिथं ठरलं.

नुसत्या दयेनं भागणार नाही हे त्यांना कळत होतं. म्हणून ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगावरचं शिक्षण घ्यायला गेले. तिथं संशोधनासाठी माणसाच्या शरीराची गरज आहे असं कळल्यावर त्यांनी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही.

१९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सरकारनं वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडपांनी भरलेली जमीन दिली. १९५१ साली तिथं आनंदवन सुरू झालं. सोबत साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

वेदना न होणारी माणसं

कुष्ठरोगाचे जंतू आधी कातडी आणि नसांवर हल्ला करतात. नस मेली की त्या भागाची संवेदना जाते. हातात गरम भांडं धरलं तरी चटका कळत नाही. पायात काटा मोडला तरी दुखत नाही. मग जखम चिघळते आणि बोटं जातात. म्हणजे या रोग्यांना वेदना होत नव्हती, आणि त्यामुळंच त्यांचे हातपाय जात होते.

अशा माणसांना सोबत घेऊन बाबांनी आनंदवनात पहिलं काम काढलं ते विहीर खोदण्याचं. खडकाळ जमीन, हातात साधी अवजारं, डोक्यावर विदर्भातलं ऊन. विहिरीला पाणी लागलं, शेती सुरू झाली. पुढं झोपड्या, दवाखाना, शाळा असं एकेक उभं राहत गेलं. १९६०च्या दशकात तर कुष्ठरोग्यांच्या श्रमातून तिथं कॉलेज उभं राहिलं. ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं होतं, त्यांच्या वसाहतीत आसपासच्या गावांतली धडधाकट मुलं शिकायला येऊ लागली.

१९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या श्रमसंस्कार छावणीसाठी पुण्यामुंबईची कॉलेजातली मुलं दर उन्हाळ्यात जाऊ लागली. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्यासारखी माणसं आनंदवनाशी जोडली गेली.

या सगळ्या वर्षांत बाबा मुकादमासारखे बाजूला उभे राहिले नाहीत. खोदणं, उचलणं, वाहणं यात ते स्वतः होते. ज्यांना वेदना होत नव्हती अशा माणसांबरोबर राबणाऱ्या या माणसाच्या वाट्याला मात्र पुढं कायमची वेदना आली.

कण्याला झालं काय?

बाबांना मणक्यांच्या झिजेचा आजार जडला. डॉक्टरी भाषेत याला स्पाँडिलोसिस म्हणतात. आपल्याकडं मान किंवा कंबर दुखली की लोक सरसकट स्पाँडिलायटिस झालाय म्हणतात, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्पाँडिलायटिस म्हणजे मणक्यांना येणारी सूज. स्पाँडिलोसिस म्हणजे झीज.

मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५ मणके असतात. त्यांच्या खाली माकडहाड. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, तिला डिस्क म्हणतात. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. चालताना, उड्या मारताना, ओझं उचलताना बसणारे धक्के ही गादी झेलते. वयाप्रमाणे तिच्यातलं पाणी कमी होतं, तिची उंची घटते. मग मणक्यांच्या कडांना हाडाची टोकं वाढतात, मज्जारज्जूची आणि नसांची वाट अरुंद होते. नस दाबली गेली की हातात किंवा पायात कळ जाते, मुंग्या येतात, ताकद कमी होते. झीज थोडीफार सगळ्यांचीच होते. काहींची लवकर आणि जास्त होते. त्यात वय, श्रम आणि आनुवंशिकता या सगळ्यांचा वाटा असतो.

पण उभं राहता येतं आणि बसता येत नाही, हे कसं?

आपल्याला वाटतं, बसणं म्हणजे आराम. कण्याच्या हिशोबात तसं नाही. १९६०च्या दशकात आल्फ नाकेमसन या स्वीडिश डॉक्टरांनी माणसाच्या कमरेच्या गादीत सुई घालून आतला दाब मोजला होता. झोपलेल्या माणसात तो सगळ्यात कमी होता, उभं राहिल्यावर वाढला आणि आधार न घेता बसल्यावर त्याहून जास्त झाला. पुढच्या काळातल्या मोजणीत बसणं आणि उभं राहणं यातला फरक इतका मोठा निघाला नाही. पण पुढं वाकून बसल्यावर गादीवरचा दाब वाढतो, हे त्यातही दिसलं. उभ्या माणसाच्या कमरेला जो नैसर्गिक बाक असतो, तो बसल्यावर कमी होतो आणि गादीच्या पुढच्या बाजूवर भार येतो. म्हणून कमरेचा पेशंट बसपेक्षा रेल्वेच्या बर्थला पसंती देतो.

बाबांनी पट्टे वापरले, उपचार घेतले. शस्त्रक्रियेलाही ते सामोरे गेले. पण दुखणं गेलं नाही. शेवटी त्यांच्यापुढं दोनच पर्याय उरले, उभं राहणं किंवा आडवं पडणं.

ऑपरेशन काय करतं, काय करत नाही

इथं थोडं थांबून मणक्याच्या शस्त्रक्रियेकडं बघायला हवं.

सरकलेली गादी नस दाबते आणि ती काढली तर दुखणं थांबू शकतं, हे जगाला नीट कळलं १९३४ मध्ये. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी ते मांडलं. तेव्हाचं ऑपरेशन मोठं असायचं. पाठीचे स्नायू हाडापासून सोडवायचे, हाड काढायचं, मग नसेपर्यंत पोचायचं. १९७७च्या सुमारास यासारगिल आणि कास्पर यांनी मायक्रोस्कोप वापरून लहान छेदातून हेच करण्याची पद्धत दाखवली. १९९०च्या दशकात नळीतून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया होऊ लागल्या. आज पुण्यात ज्याला लोक दुर्बिणीचं किंवा टाक्यांशिवायचं ऑपरेशन म्हणतात, त्याचा प्रवास असा आहे.

स्नायूंना कमी धक्का, रक्तस्राव कमी, घरी लवकर. हे फायदे खरे आहेत. पण छेद लहान झाला म्हणून आतली जागा बदलत नाही. आत तीच मज्जारज्जू आहे, त्याच नसा आहेत. आणि ऑपरेशन नसेवरचा दाब काढतं, झिजलेला कणा नवा करून देत नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतरची गुंतागुंत किती टोकाला जाऊ शकते, याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे जॉन एफ. केनेडी. १९४४ मध्ये त्यांच्या कमरेचं पहिलं ऑपरेशन झालं. त्याचा उपयोग झाला नाही. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये धातूची पट्टी बसवून मणके जोडण्याचं दुसरं ऑपरेशन झालं. केनेडींना ॲडिसन्स डिसीज होता. या आजारात शरीर ताण झेलणारी संप्रेरकं पुरेशी बनवत नाही, त्यामुळं धोका आधीच मोठा होता. ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला, ते कोमात गेले, धर्मगुरूंना बोलावून अखेरचे विधी करण्यापर्यंत वेळ आली. ते वाचले, पण जखम भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा ऑपरेशन करून ती पट्टी काढावी लागली. पुढं राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही ते कमरेला पट्टा बांधूनच वावरत.

ती मोठी, उघडी शस्त्रक्रिया होती. आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गंभीर गुंतागुंत क्वचितच होते. पण क्वचित म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. म्हणून घरच्यांना या गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या.

एक, मज्जारज्जूभोवतीचं आवरण फाटून आतलं पाणी झिरपणं. बहुतेक वेळा ते ऑपरेशनमध्येच लक्षात येतं आणि बुजवलं जातं. राहून गेलं तर उठून बसल्यावर डोकं प्रचंड दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. जखमेतून पाण्यासारखा स्राव येऊ शकतो. फार पाणी गेलं तर अगदी क्वचित मेंदूभोवती किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

दोन, आत रक्त साकळणं. बाहेरची जखम एवढीशी दिसते, पण आत साठलेलं रक्त नसा दाबतं. काही तासांत किंवा दिवसांत पायातली ताकद कमी होऊ लागते. लघवी अडकणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेवर बधिरपणा येणं ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नसते. लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं.

तीन, गादीच्या जागेत जंतुसंसर्ग. यात पेशंट आधी बरा होतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा भयंकर कंबरदुखी सुरू होते. ताप असतोच असं नाही.

चार, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जागा स्वच्छ दिसावी म्हणून सलाईनचा प्रवाह सोडतात. त्याचा दाब वाढला तर मानेत किंवा डोक्यात कळा येतात, अगदी क्वचित झटकेही येतात. म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ त्यावर लक्ष ठेवून असतात.

मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, स्टेरॉइड, तंबाखू यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. घरी जाताना रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून घ्यावं.

आडवं पडून केलेला प्रवास

आता पुन्हा बाबांकडे.

कणा साथ देईना अशा अवस्थेत माणूस काय करतो? बहुतेक जण काम आवरतं घेतात. बाबांनी कामाची पद्धत बदलली. सभा असली की व्यासपीठावर खाट ठेवली जायची. बाबा त्यावर पडून किंवा सरळ उभं राहून बोलायचे. मधली, खुर्चीची अवस्थाच त्यांच्या आयुष्यातून गेली होती.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथं रस्ते नव्हते, वीज नव्हती. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथं मुक्काम ठोकला. आनंदवनाची जबाबदारी डॉ. विकास आमटे यांनी उचलली.

१९८५ साली देशात वातावरण पेटलेलं होतं. पंजाब धुमसत होता, इंदिरा गांधींच्या हत्येला आणि त्यानंतरच्या दंगलींना वर्षच झालं होतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाबांनी भारत जोडो यात्रा काढली. डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर निघाले. त्यांच्यासोबत गाडीत आडवे पडलेले बाबा. पाच हजार किलोमीटरहून जास्त प्रवास करून यात्रा काश्मीरला पोचली. गाडीचा प्रत्येक धक्का ज्याच्या पाठीत जात होता, तो माणूस गावोगावी उतरून उभा राहून बोलत होता. पुढं १९८८ मध्ये त्यांनी अरुणाचल प्रदेशातल्या इटानगरपासून गुजरातमधल्या ओखापर्यंत दुसरी यात्राही काढली.

१९८५ सालीच त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. १९८६ मध्ये पद्मविभूषण, १९९० मध्ये टेम्पल्टन पुरस्कार. इथं कुणीही थांबलं असतं.

पण १९९० साली, पंचाहत्तरी पार केल्यावर, बाबांनी आनंदवन सोडलं. सरदार सरोवर आणि इतर धरणांमुळं नर्मदेच्या खोऱ्यातली गावं बुडणार होती. बाबा आणि साधनाताई मध्य प्रदेशात बडवानीजवळ कसरावद इथं नदीच्या काठावर राहायला गेले. १९९०च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या संघर्ष यात्रेत ते सामील झाले. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला ती अडवली गेली, तेव्हा ऐन थंडीत तेही तिथं होते. निषेध म्हणून त्यांनी आपले पद्म किताब सरकारला परत केले.

धरण थांबलं नाही. सगळ्यांना बाबांची ही भूमिका पटलीही नाही. विकासाला विरोध करणारे म्हणून त्यांच्यावर टीका झाली. तरी जवळपास दहा वर्षं ते नर्मदाकाठी राहिले. दवाखाना जवळ नाही, पाठ साथ देत नाही आणि वय ऐंशीच्या पुढं. अशा अवस्थेत साधनाताईंनी तिथला संसार केला. बाबांना उठवणं, आडवं करणं, त्यांची पथ्यं सांभाळणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी, हे सगळं त्यांच्याकडं होतं. बाबा उभे राहू शकले त्यात साधनाताईंचा वाटा किती, याची मोजदाद कुठल्याच पुरस्कारात झाली नाही.

शेवट आनंदवनात

नंतर बाबा आनंदवनात परतले. शेवटी त्यांना रक्ताचा कर्करोग झाला आणि ९ फेब्रुवारी २००८ रोजी वयाच्या ९३ व्या वर्षी आनंदवनातच त्यांचं निधन झालं.

त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले नाहीत. आनंदवनाच्या मातीत त्यांचं दफन करण्यात आलं. त्याच वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. साधनाताई २०११ मध्ये गेल्या.

बाबांचा कणा शेवटपर्यंत बरा झाला नाही. दुखणं अंगावर काढा किंवा ऑपरेशन टाळा, असा याचा अर्थ अजिबात नाही. त्यांच्या काळात नसलेले उपचार आज आहेत, ते घ्यावेत, प्रश्न विचारून घ्यावेत. पण ऑपरेशननंतरही सगळं पूर्वीसारखं झालं नाही म्हणून पुण्यातल्या एखाद्या खोलीत कुणी छताकडं बघत पडला असेल, तर त्याला एवढं ठाऊक असावं. कन्याकुमारी ते काश्मीर हा प्रवास एका माणसानं आडवं पडून केला होता आणि जिथं बोलायचं होतं तिथं तो उभा राहिला होता.